विश्लेषण : शिट्टी सरांच्या हातात, अधिकार कोणाकडे? शाळेतील क्रीडा शिक्षकाच्या नेतृत्वाचा प्रश्न काय आहे?

शाळेत एका वेळी चारशे-पाचशे मुलांना सामोरा जाणारा शिक्षक एकच असतो. गणिताच्या सरांना साठ मुले सांभाळायची असतात, मुख्याध्यापक महिन्यातून एखाद-दोन वेळा भाषण करतात. पण रोज सकाळी अख्ख्या शाळेला रांगेत उभे करणारे ‘पीटी’चे सर किंवा मॅडमच असतात. मुलांना ‘नेता’ कसा बोलतो, कसा ओरडतो, कोणाला जवळ करतो आणि कोणाला मैदानाच्या कडेला बसवतो, याचा पहिला धडा बहुतेकदा याच शिक्षकाकडून मिळतो. तरीही शिक्षक प्रशिक्षणात, शाळा तपासणीत किंवा पालक सभेत या वर्तणुकीची चर्चा क्वचितच होते. चर्चा होते ती पदकांची. क्रीडा शिक्षकाची नेतृत्वशैली मोजता येते का, ती कोण घडवते आणि तिची किंमत कोणती मुले मोजतात, याचा हा आढावा.

क्रीडा शिक्षक नेमके काय सांभाळतात?

वेळापत्रकावर पाहिले तर आठवड्यातील काही तासिका. प्रत्यक्षात यादी बरीच लांब आहे. परिपाठ, कवायत, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचे संचलन, वार्षिक क्रीडा महोत्सव, मैदानाची आखणी, साहित्याची नोंदवही, प्रथमोपचार पेटी. त्यानंतर शालेय स्पर्धांचा हंगाम. १४, १७ आणि १९ वर्षांखालील वयोगटांची नोंदणी, जन्मतारखेचे पुरावे, ओळखपत्रे, पालकांची संमतिपत्रे, प्रवासाची सोय. संघ तालुक्यावरून जिल्हा, जिल्ह्यावरून विभाग आणि तिथून राज्य पातळीवर गेला, की प्रत्येक टप्प्यावर हेच पुन्हा. दहावी-बारावीच्या खेळाडूंसाठी सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव वेगळेच. शिवाय कोणी शिक्षक रजेवर असेल तर ‘ऑफ’ तास, शाळा सुटताना फाटकावर उभे राहणे, आणि ‘जरा आवाज बंद करा’ म्हणून वरच्या मजल्यावर बोलावणे.

म्हणजे हा माणूस शिक्षक आहे, प्रशिक्षक आहे आणि व्यवस्थापकही आहे. पण व्यवस्थापकाकडे असतात ते तीन अधिकार, म्हणजे वेळ, पैसा आणि जागा, त्याच्याकडे नाहीत. वेळापत्रक पर्यवेक्षक ठरवतात, साहित्याची खरेदी संस्था ठरवते आणि मैदानावर मंडप कधी पडणार हेही अनेक ठिकाणी दुसरेच कोणी ठरवते. जबाबदारी पूर्ण, अधिकार अर्धा. बाकीचे प्रश्न यातूनच निघतात.

नेतृत्वाची वर्तणूक मोजतात कशी?

या विषयातील सर्वाधिक वापरली जाणारी मापनपट्टी एका मूळच्या भारतीय अभ्यासकाची आहे. पॅकियानाथन चेल्लादुराई हे मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयाशी जोडलेले बास्केटबॉलचे माणूस. पुढे ते कॅनडात गेले आणि तिथे एस. डी. सालेह यांच्यासह त्यांनी १९७८ ते १९८० या काळात ‘लीडरशिप स्केल फॉर स्पोर्ट्स’ तयार केली. तिच्यात ४० विधाने आहेत. खेळाडूने आपल्या प्रशिक्षकाबद्दल प्रत्येक विधानाला ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत उत्तर द्यायचे. भारतातील शारीरिक शिक्षणाच्या अनेक प्रबंधांत हीच पट्टी वापरली गेली आहे.

या विधानांतून वर्तणुकीचे पाच पैलू दिसतात. पहिला, शिकवणे आणि सराव : सर कौशल्य समजावून सांगतात का, की फक्त ‘खेळा’ म्हणून खुर्चीत बसतात. दुसरा, लोकशाही वर्तन : संघ, सराव, डावपेच ठरवताना मुलांचे ऐकतात का. तिसरा, एकाधिकारी वर्तन : सांगितले ते करा, प्रश्न नकोत. चौथा, सामाजिक आधार : मैदानाबाहेर मुलाच्या घरची, तब्येतीची, भीतीची विचारपूस. पाचवा, शाबासकी : चांगले झाले तर ते सांगणे, आणि सर्वांसमोर सांगणे.

वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत एक गोष्ट वारंवार दिसली आहे. खेळाडूंना सर्वाधिक हवे असते ते नीट शिकवणे आणि शाबासकी. एकाधिकारी वर्तनाची पसंती साधारणपणे तळाला असते. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. आश्चर्य हे, की आपल्याकडे ‘कडक सर’ हीच क्रीडा शिक्षकाची सर्वात मोठी पात्रता मानली जाते.

चेल्लादुराईंच्या मांडणीचा खरा उपयोग मात्र या पाच पैलूंपुरता नाही. त्यांनी वर्तणुकीचे तीन प्रकार केले. परिस्थिती आणि संस्था नेत्याकडून मागतात ते वर्तन, खेळाडूंना हवे असलेले वर्तन, आणि नेता प्रत्यक्षात करतो ते वर्तन. तिन्ही जुळली तर कामगिरी आणि समाधान दोन्ही वाढते. जुळली नाहीत तर काहीतरी तुटते. महाराष्ट्रातील शाळांकडे या चौकटीतून पाहिले, तर दोष एकट्या सरांच्या स्वभावात सापडत नाही.

मग कडकपणा वाईटच का?

नाही. गोळाफेक किंवा भालाफेक सुरू असताना ‘थांब’ म्हटल्यावर मुलाने थांबलेच पाहिजे. तिथे मतदान घेत बसणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. साठ मुलांचा वर्ग रस्ता ओलांडून मैदानावर न्यायचा असेल, तर हुकूमच लागतो. प्रश्न हुकूम कधी संपतो, हा आहे.

या संदर्भात मानसशास्त्रातील एक जुना प्रयोग आजही शिकवला जातो. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतील आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले आणि त्यांना हस्तकलेची कामे दिली. १९३९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही गटांचा नेता हुकूम सोडणारा, काहींचा चर्चा करणारा, काहींचा ‘तुमचे तुम्ही बघा’ म्हणणारा. हुकूमशाही गटांत नेता समोर असताना काम जोरात चाले. तो खोलीबाहेर गेला की काम ढेपाळे आणि मुले एकमेकांवर चिडत. चर्चा करणाऱ्या नेत्याच्या गटांत तो बाहेर गेल्यावरही काम बरेचसे सुरू राहिले.

‘सर आले!’ अशी आरोळी उठताच सरळ होणारी रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रयोग समजावून सांगावा लागणार नाही. त्यातील तिसरा प्रकारही आपल्याकडे भरपूर आहे. एक फुटबॉल मैदानात टाकायचा, मुलांना सोडायचे आणि स्पर्धेचे अर्ज भरत बसायचे. याला कोणी स्वातंत्र्य म्हणत असेल तर म्हणो. त्या तासात चार दांडगी मुले खेळतात आणि पन्नास जणांचा वेळ कठड्यावर जातो.

सर असे का वागतात? गणित काय सांगते?

हिशेब साधा आहे. ३५ मिनिटांची तासिका, वर्गात ६० मुले. वर्गातून मैदानावर येणे, रांग लावणे, हजेरी आणि परत जाणे यात दहा मिनिटे धरली तर उरतात २५. साहित्यात दोन व्हॉलीबॉल असतील, तर दोन्ही चेंडू अखंड फिरत राहिले तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. इतक्या वेळात ‘नीट शिकवणे आणि शाबासकी’ बसवायची कशी? रांगेतली कवायत मात्र बसते. तिला साहित्य लागत नाही, साठ मुले एकदम गुंततात आणि लांबून शिस्तबद्ध दिसते. कवायत आवडते म्हणून नव्हे, परवडते म्हणून टिकली आहे.

याला शाळेची मागणी जोडली, की चित्र पूर्ण होते. उशिरा आलेली मुले, गणवेशात नसलेली मुले, केस वाढवलेली मुले, वर्गात मारामारी केलेली मुले : सगळी ‘पीटीच्या सरांकडे पाठवा’. इतर विषयांचे शिक्षक शिस्तीचा प्रश्न त्यांच्याकडे ढकलतात, मुख्याध्यापक त्याला मान्यता देतात आणि पालकही ‘सर, जरा दम द्या’ म्हणून सांगून जातात. थोडक्यात, शाळेने शिक्षकाची नेमणूक केली ती आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी. काम दिले ते हवालदाराचे.

मग हवालदार शिक्षाही करतो. उठाबशा, मैदानाच्या फेऱ्या, ऊन लागेपर्यंत उभे करणे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना स्पष्ट मनाई करते. शिक्षा करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाईची तरतूदही त्यातच आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे कलम ७५ मुलांची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करते. ‘मी हात लावला नाही, फक्त व्यायाम करायला लावला’ हा बचाव इथे टिकणारा नाही. दमा, हृदयविकार किंवा रक्तक्षय असलेले मूल रांगेत आहे की नाही, हे शिट्टी वाजवणाऱ्याला बहुतेक वेळा माहीतही नसते.

कायद्यापलीकडे याचा आणखी एक परिणाम होतो. वर्षानुवर्षे ज्या मुलाने धावणे म्हणजे शिक्षा असेच अनुभवले, ते मूल शाळा सुटल्यावर स्वतःहून धावायला का जाईल? शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने व्यायामच शिक्षा म्हणून वापरणे हे मराठीच्या बाईंनी शिक्षा म्हणून कविता पाठ करायला लावण्यासारखे आहे. तेही होतेच म्हणा.

याची किंमत कोण मोजते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी. संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवरून केलेला अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले या निकषाच्या खाली होती. भारतात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते, म्हणजे जगापेक्षा थोडे बरे. पण अभ्यासकांनी दिलेली संभाव्य कारणे वाचण्यासारखी आहेत : मुलांच्या बाबतीत क्रिकेटची ओढ, आणि मुलींच्या बाबतीत घरकाम. भारतीय मुलगी सक्रिय दिसते ती बऱ्याच अंशी पाणी भरताना आणि झाडू मारताना.

मैदानावर तिचे काय होते? सहावी-सातवीनंतर मुली हळूहळू कडेला जातात. मासिक पाळी, कपडे बदलायला खोली नसणे, स्वच्छतागृह दूर असणे, शेजारच्या रस्त्यावरून बघणारी टोळकी आणि अनेक शाळांत क्रीडा शिक्षिका नसणे. ‘सर, आज पोटात दुखतंय’ हे वाक्य पुरुष शिक्षकाला सांगताना मुलगी संकोचते. सरही संकोचतात आणि ‘बस कडेला’ म्हणून मोकळे होतात. एकदा बसलेली मुलगी पुढच्या आठवड्यातही बसते. चेल्लादुराईंच्या भाषेत हा ‘सामाजिक आधारा’चा पैलू, मैदानाच्या भाषेत, कोणीतरी विचारायला हवे होते आणि विचारले नाही.

दुसऱ्या टोकाला स्पर्शाचा प्रश्न आहे. जिम्नॅस्टिक्स, कुस्ती, योगासने शिकवताना आधार द्यावा लागतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर आणि ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर पालकांचा धाक आणि शिक्षकांची भीती दोन्ही वाढली आहेत. यातला धाक योग्यच आहे. पण शाळांनी स्पर्श कधी, कसा, कोणासमोर याची लेखी पद्धत ठरवून देण्याऐवजी बहुतेक ठिकाणी हा विषय शिक्षकाच्या ‘समजूतदारपणा’वर सोडला आहे. राज्याच्या शिक्षण विभागाने मार्च २०२२ मध्ये शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या नेमण्याचा शासन निर्णय काढला. अशा समितीच्या विषयपत्रिकेवर मैदान येते का, हे पालकांनी आपल्या शाळेत विचारून पाहावे.

आणि तरीही याच मैदानांतून खेळाडू निघतात. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. खो-खोला दोन खांब आणि आखलेली माती एवढेच लागते. बाकी सारे शिकवणाऱ्यावर. अशा शिक्षकांचे कौतुक होतेच. मात्र संघातले पंधरा जण सोडून उरलेल्या शाळेशी शिक्षक कसा वागतो, हे मोजायला आपल्याकडे कोणतीही रकाना-पद्धत नाही.

पदेच कमी होत असतील तर?

हा प्रश्न नेतृत्वाच्या आधीचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले आहे. पण सहावी ते आठवीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा शिक्षक ‘अंशकालीन निदेशक’ आहे, आणि तोही पटसंख्या शंभरच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीसाठी तेवढाही नाही. कायद्यानेच या विषयाला अर्धवेळ ठरवले, मग शाळेने पूर्णवेळ मान का द्यावा? मानधनावरील अंशकालीन निदेशकाला पुढच्या वर्षी आपण असू की नाही हेच ठाऊक नसेल, तर तो मुलांचा तीन वर्षांचा आराखडा कशाच्या जोरावर करणार?

माध्यमिक शाळांत किती शिक्षक असावेत हे ‘संचमान्यता’ ठरवते, म्हणजे पटसंख्येवरून मंजूर होणारी पदे. २८ ऑगस्ट २०१५ च्या शासन निर्णयाने हे निकष बदलले, १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने पुन्हा बदलले. पदे मोजकी उरली की संस्था आधी भाषा, गणित, विज्ञान भरतात. क्रीडा शिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा ‘आवड असलेल्या’ दुसऱ्या शिक्षकाकडे जाते. तासिकांच्या कपातीवरून २०१७ मध्ये राज्यातील शारीरिक शिक्षण शिक्षकांनी शालेय स्पर्धांवर बहिष्काराचे हत्यार उपसले होते. मैदानाचे सगळे व्यवस्थापन या एका माणसावर उभे आहे, हे तेव्हा काही काळ तरी दिसले.

केंद्रीय मंडळाची, म्हणजे सीबीएसईची वाट थोडी वेगळी आहे. २०१८ पासून नववी ते बारावीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षण सक्तीचे करताना मंडळाने रोज एक तासिका सांगितली. मात्र ती घेण्यासाठी या विषयाचाच शिक्षक हवा, अशी अट ठेवली नाही. मुलांना मैदान मिळावे म्हणून हे ठीक, पण बी.पी.एड. झालेल्याने नेमके काय वेगळे करायचे, हा प्रश्न त्यातून आणखी अवघड होतो. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ‘शारीरिक शिक्षण आणि निरामयता’ हे स्वतंत्र अभ्यासक्षेत्र आहे आणि २०२४ मध्ये एनसीईआरटीने सहावीसाठी ‘खेलयात्रा’ हे पाठ्यपुस्तकही काढले. पुस्तक आले, ते उघडणारा माणूस संचमान्यतेत बसतो का, ते राज्याराज्यावर अवलंबून.

वर्तणूक बदलता येते का?

येते, आणि त्याला फार खर्चही लागत नाही. अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांसाठी छोटे प्रशिक्षण तयार केले. कार्यशाळा जेमतेम अडीच तासांची. चुकल्यावर ओरडण्याऐवजी काय करायचे ते सांगा, प्रयत्नाला दाद द्या, नियम मुलांसोबत आधीच ठरवा, एवढाच गाभा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुढच्या हंगामात खेळ सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण प्रशिक्षित प्रशिक्षकांकडे ५ टक्के, तर इतरांकडे २६ टक्के होते. दोन्ही बाजूंचे सामने जिंकण्या-हरण्याचे प्रमाण मात्र सारखेच. मुले टिकण्यासाठी पदकाची गरज लागली नाही.

अमेरिकेतील मोजक्या बेसबॉल संघांचा हा निष्कर्ष साठ मुलांच्या वर्गाला जसाच्या तसा लागू होणार नाही, हे उघड आहे. तरी काही गोष्टी इथेही करता येण्यासारख्या आहेत. दोन सुट्या तासिकांऐवजी एक जोडतासिका दिली तर ये-जा आणि रांगेचा वेळ निम्मा होतो. वर्गाचे सहा गट करून प्रत्येकाला आळीपाळीने गटप्रमुख केले तर साहित्य, गुणलेखन, पंचगिरी मुलेच सांभाळतात आणि कडेला बसलेल्या मुलीच्या हातातही शिट्टी येते. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाच्या आजाराची नोंद पालकांकडून घेणे हे एका पानाचे काम आहे. शिस्तीची जबाबदारी सर्व वर्गशिक्षकांत वाटणे हे मात्र क्रीडा शिक्षकाच्या हातात नाही. ते मुख्याध्यापकांनीच करायचे आहे, आणि अनेक शाळांत तीच सर्वात अवघड गोष्ट आहे, कारण सध्याची सोय सगळ्यांच्या सोयीची आहे.

मोजमापाचे काय?

इथे व्यवस्था दोन तोंडांनी बोलते. दहावीच्या गुणपत्रिकेत आरोग्य व शारीरिक शिक्षणाला श्रेणी असते, जी शाळाच देते आणि जी पाहून कोणाचाही प्रवेश अडत नाही. दुसरीकडे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना सवलतीचे गुण मिळतात, ज्यांनी टक्केवारी हलते. साहजिकच पालकांचा फोन येतो तो सवलतीच्या गुणांसाठी. मोजक्या खेळाडूंची कागदपत्रे चुकली तर सरांना जाब विचारला जातो. उरलेली चारशे मुले वर्षभर घामाघूम झाली की नाही, हे विचारायला कोणी येत नाही.

त्यामुळे दुसऱ्या सत्रात बहुतेक शाळांचे वेळापत्रक सारखेच दिसते. जानेवारीनंतर दहावीच्या खेळाच्या तासिका गणित-विज्ञानाच्या सराव परीक्षांकडे जातात, नववीच्याही अधूनमधून जातात. मैदान सकाळच्या परिपाठापुरते उरते. क्रीडा शिक्षक कार्यालयात सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या मुदतीच्या तारखा जुळवत बसलेले असतात, आणि मधूनच शिपाई निरोप घेऊन येतो, की आठवीच्या वर्गात गोंधळ चालला आहे, सरांनी जरा वर यावे.